हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की जिवंत असल्याचं
कागदावर दाखवावं लागतं.
म्हणून कळमनुरीत, तहसीलसमोर,
लिंबाखालच्या टपरीशी उभा होतो
भरलेल्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढायला.

सतरा वर्षं मी मंत्र्यांच्या अर्धं पाऊल मागं चाललो.
अर्धं पाऊल म्हणजे कानाशी पोचता येतं
आणि फोटोत येत नाही.
"औंढ्याचे. सोसायटीचे. लेक नुकतीच उजवली,"
मी पुटपुटायचो,
आणि साहेब हात पसरून,
"काय म्हणते लेक? रुळली का सासरी?"
माणूस डोळे पुसत जायचा.
गावोगाव म्हणायचे, काय ती याददाश्त!
याददाश्त माझ्या खिशात असायची,
त्यांच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी.

अर्ज पोत्यानं यायचे.
हिंगोलीच्या विश्रामगृहात सुशीला खाता खाता
साहेब एकदाच बोलले होते,
"नाही म्हणणं आपल्याला परवडत नाही."
तेव्हापासून ठरलं.
प्रत्येक अर्जावर तीच ओळ, हिरव्या शाईत,
'तात्काळ उचित कार्यवाही व्हावी.'
सहीखाली रेघ असली तर काम करायचं.
ठिपका असला तर कागद झोपवायचा.
कलेक्टर कचेरीपासून झेडपीच्या आस्थापनेपर्यंत
ज्यांना कळायला हवं त्यांना कळत होतं.
ज्यांचा अर्ज, ते सही कपाळाला लावून जायचे.

टपरीतल्या बाईंनी चष्मा वर केला.
"बसा की काका, मशीन तापायलीय."
थर्मासातला चहा पुढं केला, न विचारता.
बसलो. वर पाहिलं.
भिंतीवर, कॅलेंडरशेजारी,
फ्रेममधला एक अर्ज, उदबत्तीच्या धुरानं पिवळा.
मधुमती लोखंडे. पती मयत, झेडपीत कनिष्ठ सहायक.
अनुकंपा तत्त्वावर नेमणूक मिळणेबाबत.
हिरवी ओळ. सही.
सहीखाली
मी नीट बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"साहेबांनी लई जोर लावला हो,"
माझी नजर पाहून त्या म्हणाल्या.
"खालच्यांनी खाल्लं. साहेबांचा काय दोष?
पोरं लहान होती तवा
रात्री काढून वाचायची मी हा कागद."

मला ती दुपार आठवते.
वारंगा फाट्याच्या अलीकडं, गाडीत साहेब झोपलेले,
तोंड थोडं उघडं.
जागा एक, अर्ज तीन,
आणि सकाळीच माझ्या साडूचा फोन येऊन गेलेला.
सह्या मीच करायचो. इतक्या केल्या
की पुढं बँकेत माझी स्वतःची सही जुळेना.
रस्ता खराब होता. खड्डा आला तसं
मी पेन वर उचलून धरलं,
गाडी सपाटीला लागेपर्यंत थांबलो,
मग टेकवलं.

सांगावं वाटलं.
पण सतरा वर्षं कानाशी बोलून
समोर बोलायचा आवाजच गेला होता,
आणि चहा, खरं सांगतो, चांगला होता,
आलं ठेचून टाकलेला.

मशीननं कागद बाहेर टाकले.
माझं नाव, पेन्शन क्रमांक,
'सदर इसम हयात आहे',
आणि सहीच्या जरा खाली एक काळा ठिपका.
दोन्ही प्रतींवर, त्याच जागी.
मी त्यावर बोट ठेवलं. बोट हलेना.

"ते होय," म्हणत त्यांनी झाकण उघडलं,
पदराच्या टोकानं काच घासली, पुन्हा घासली.
"कागदात नाही ते, काचेवर हाय.
कितींदा पुसलं, जात नाही.
बँकवाले चालवून घेतात.
चार रुपये द्या."